वर्गसमीकरणाच्या पुढच्या पायऱ्या : श्रीनिवास रामानुजन

तंजावर म्हटले की आपल्याला व्यंकोजीराजे, सरस्वती महाल ग्रंथालय आणि मोडी कागदांचे रुमाल आठवतात. त्याच जिल्ह्यात, कावेरीच्या काठी, भातशेतीच्या मधोमध कुंभकोणम हे गाव आहे. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव इथेच जन्मले. गणिताच्या तासाला मात्र या गावाचे नाव निघते ते श्रीनिवास रामानुजन यांच्यामुळे.

त्यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी ईरोडला, आजोळी झाला. वडील कुंभकोणमला कापडाच्या दुकानात कारकून होते आणि घर सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर होते. १८९७ मध्ये प्राथमिक परीक्षेत रामानुजन तंजावर जिल्ह्यात पहिले आले आणि टाऊन हायस्कूलमध्ये दाखल झाले. कागद परवडत नसे. घराच्या ओट्यावर मांडीवर पाटी घेऊन ते गणिते करीत आणि कोपराने पुसत.

१९०२ मध्ये त्यांना घन समीकरण सोडवण्याची रीत दाखवण्यात आली. दहावीच्या कॅडेटला पूर्ण वर्ग पद्धत ठाऊक असतेच. क्षच्या वर्गात ६ क्ष मिळवून १६ येत असतील, तर दोन्ही बाजूंत ९ मिळवायचे. मग (क्ष + ३) चा वर्ग २५ होतो आणि क्ष २ किंवा उणे ८ मिळतो. घन समीकरणाला एवढ्याने भागत नाही. समजा, क्षच्या घनात ६ क्ष मिळवले की २० होतात. इथे क्ष = य − र असे दोन तुकडे करायचे आणि य × र = २ ठेवायचे. विस्तार करून पाहा: ६ क्ष कटतात आणि यच्या घनातून रचा घन वजा केला की २० उरतात. आता यच्या घनाला त म्हणा. रचा घन ८ भागिले त झाला, आणि हाती आले तच्या वर्गातून २० त आणि ८ वजा केले की शून्य, म्हणजे आपले जुने वर्गसमीकरणच! त्यावरून शेवटी क्ष = २ मिळतो. ताळा स्वतः करावा.

घन समीकरण असे वर्गसमीकरणावर उतरते, हे कळल्यावर रामानुजन यांनी चौथ्या घाताच्या समीकरणासाठी स्वतःची रीत शोधली. पुढच्याच वर्षी ते पाचव्या घाताला भिडले. इथे मात्र पायऱ्या संपतात. केवळ मुळे काढून पाचव्या घाताचे सर्वसाधारण समीकरण सोडवता येत नाही, हे नॉर्वेच्या आबेलने १८२४ मध्येच सिद्ध केले होते. कुंभकोणमच्या मुलापर्यंत ती बातमी पोचली नव्हती.

१९०३ मध्ये कार यांचे हजारो सूत्रांचे पुस्तक हाती आले आणि बाकीचे विषय मागे पडले. १९०४ मध्ये शाळेने गणिताचे पारितोषिक दिले, कॉलेजला शिष्यवृत्ती मिळाली. पण इतर विषयांत नापास झाल्याने ती गेली. पुढे मद्रासला १९०६ आणि १९०७ अशा दोन्ही वर्षी एफ.ए.ची परीक्षा हुकली. यावरून काही जण नापास होण्याचेच कौतुक करतात. मला ते पटत नाही. त्या वर्षांत त्यांच्यापाशी पदवी नव्हती, नोकरी नव्हती, कधी कधी पोटभर अन्नही नव्हते. १९०९ मध्ये जानकी यांच्याशी लग्न झाल्यावर तर नोकरी शोधणे भागच होते. तिरुकोईलूरचे डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर आणि नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांनी त्यांच्या वह्या उघडून पाहिल्या नसत्या, तर पुढचे काहीच घडले नसते.

१९११ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी वाचकांना एक कोडे घातले. √(१ + २√(१ + ३√(१ + ४√…))) ही कधीही न संपणारी राशी केवढी? महिने गेले, उत्तर कोणी पाठवले नाही. उत्तर आहे ३. नऊ म्हणजे १ + २×४. त्यातल्या ४ चा वर्ग सोळा म्हणजे १ + ३×५. ५ चा वर्ग पंचवीस म्हणजे १ + ४×६. असे आत आत जात राहा. (अनंतापर्यंतची काटेकोर सिद्धता वेगळी लागते, ती गणिताच्या सरांना विचारा.)

१९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ते महिना ३० रुपयांवर कारकून झाले. १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र लिहिले, आणि १७ मार्च १९१४ रोजी ते इंग्लंडच्या बोटीत बसले. १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले, तोवर तब्येत पार ढासळली होती. मार्च १९१९ मध्ये ते मुंबई बंदरात उतरले. आजारपणातही आकडेमोड थांबली नाही. जानेवारी १९२० मध्ये त्यांनी हार्डींना नव्या प्रकारच्या फलनांविषयी लिहिले. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासला, वयाच्या ३२ व्या वर्षी ते गेले. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचे घर आता स्मारक म्हणून जपले आहे.