संदेशाचे गणित : क्लॉड शॅनन

अमेरिकेतील मिशिगन राज्यात गेलॉर्ड नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे राहणारा एक मुलगा काटेरी कुंपणाच्या तारेतून सुमारे अर्धा मैल दूर असलेल्या मित्राच्या घरी संदेश पाठवीत असे. त्याचे नाव क्लॉड एल्वुड शॅनन. ३० एप्रिल १९१६ रोजी जन्मलेल्या या मुलाने पुढे संदेशवहनाचे शास्त्रच घडविले.

१९३६ साली शॅनन यांनी विद्युत अभियांत्रिकी व गणित या दोन्ही विषयांत पदवी मिळविली. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी दाखवून दिले, की विजेच्या स्विचच्या 'चालू' आणि 'बंद' या दोन अवस्थांनी तर्कशास्त्रातील गणिते सोडविता येतात. संगणकातील मंडलांची रचना याच विचारावर उभी आहे.

१९४१ साली ते बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. त्या काळी दूरध्वनी व तारयंत्रांच्या मार्गात खरखर फार असे. चुका टाळायच्या, तर संदेशाचा वेग कमी कमी करीत जावे लागते, अशी अभियंत्यांची समजूत होती. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात शॅनन यांनी ही समजूत खोटी ठरविली. त्यांनी माहिती 'बिट' या एककात मोजली. प्रत्येक मार्गाची एक ठरावीक क्षमता असते. वेग त्या मर्यादेच्या आत ठेवला, तर योग्य सांकेतिक रचनेने चुका हव्या तितक्या कमी करता येतात, हे त्यांनी सिद्ध केले. पावसात भिजलेल्या पत्रातील काही अक्षरे पुसली गेली, तरी उरलेल्या अक्षरांवरून आपण मजकूर ओळखतो. संदेशात विचारपूर्वक घातलेली जादा चिन्हे हेच काम करतात.

अशी रचना असते, हे शॅनन यांनी सिद्ध केले. परंतु ती प्रत्यक्षात कशी करावी, हे शोधण्यात पुढील संशोधकांची अनेक दशके गेली. अशा कार्याच्या गौरवार्थ आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या माहिती सिद्धांत विभागाने १९७२ साली शॅनन पुरस्कार सुरू केला. त्याचे पहिले मानकरी स्वतः शॅननच होते. पुण्यात जन्मलेले आणि तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले थॉमस कैलाथ यांना २००० साली हा सन्मान लाभला.

कीर्तीपेक्षा शॅनन यांना कुतूहल अधिक प्रिय होते. चक्रव्यूहातून वाट शोधणारा यांत्रिक उंदीर त्यांनी बनविला होता. एकचाकी सायकल चालविणे आणि चेंडू झेलणे हे त्यांचे छंद होते. अखेरच्या वर्षांत मात्र अल्झायमर या विकाराने त्यांची स्मृती हिरावून घेतली. त्यांच्या विचारांवर उभे राहिलेले आंतरजाल व भ्रमणध्वनीचे युग भोवती फुलत असताना त्यांना त्याची पुरती जाणीव राहिली नव्हती. २४ फेब्रुवारी २००१ रोजी त्यांचे निधन झाले. आज दूरच्या आप्ताचा आवाज आपल्या कानी स्पष्ट पडतो, त्यामागे शॅनन यांचे गणित असते.