फर्डिनांड ब्राऊन : तारेच्या चौकटीने लहर पकडणारे शास्त्रज्ञ

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या एखाद्या उंच इमारतीत रेडिओ मीडियम वेव्हवर लावला, तर कार्यक्रमाआधी खरखरच ऐकू येते. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर अशी घरातलीच उपकरणे हा गोंगाट करतात. त्यात भिंतींमधल्या लोखंडी सळ्या बाहेरून येणारी लहर अडवतात. गच्चीवर लांब तार ताणायची, तर सोसायटीची परवानगी मिळणे अवघड. यावर हौशी मंडळींनी शोधलेला उपाय म्हणजे लाकडी चौकटीवर तांब्याची तार गुंडाळून घरीच केलेला लूप अँटेना. या साध्या वस्तूमागचे विज्ञान प्रत्यक्ष वापरात आणणाऱ्यांत एक मोठे नाव आहे, ते म्हणजे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राऊन. मार्कोनी सर्वांना माहीत असतात. १९०९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांच्याबरोबर ब्राऊन यांनाही मिळाले होते, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात नसते.

ब्राऊन यांचा जन्म ६ जून १८५० रोजी जर्मनीतल्या फुल्डा या गावी झाला. मारबुर्ग आणि बर्लिन इथे शिकून त्यांनी १८७२ मध्ये डॉक्टरेट मिळवली. काही काळ सहायक म्हणून काम केल्यावर १८७४ मध्ये ते लाइपझिगच्या एका शाळेत शिक्षक झाले. मुलांसाठी त्यांनी विज्ञानाचे एक गमतीदार पुस्तकही लिहिले. त्याच १८७४ साली त्यांनी एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. काही धातूंच्या सल्फाइड स्फटिकांना तारेचे टोक टेकवले, तर वीज एका दिशेने सहज वाहते, उलट दिशेने मात्र अडते. हे तेव्हाच्या प्रस्थापित नियमात बसत नव्हते, त्यामुळे अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. या शोधाचा व्यवहारात उपयोग व्हायला जवळपास पाव शतक जावे लागले. पुढे बॅटरीशिवाय चालणारे क्रिस्टल रेडिओ याच गुणधर्मावर चालले आणि आजच्या डायोडचे मूळही तिथेच सापडते.

मारबुर्ग, कार्ल्सरूह, ट्युबिंगन असा प्रवास करत ब्राऊन १८९५ मध्ये स्ट्रासबुर्ग विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र संस्थेचे प्रमुख झाले. बदलत्या विद्युतप्रवाहाचा आकार डोळ्यांना दिसावा, म्हणून १८९७ मध्ये त्यांनी कॅथोड किरणांची नळी तयार केली. तिचे पेटंट त्यांनी घेतले नाही; कोणीही ती बनवावी आणि वापरावी, असा त्यांचा शास्त्रज्ञाचा पिंड होता. आपल्या घरातल्या जुन्या, पाठीमागे फुगीर असलेल्या टीव्हीची पिक्चर ट्यूब ही याच नळीची वंशज.

१८९८ च्या सुमारास ते बिनतारी संदेशवहनाकडे वळले. मार्कोनींच्या सुरुवातीच्या प्रेषकात विजेची ठिणगी थेट अँटेनाच्या तारेतच पाडली जाई. त्यामुळे लहर लगेच विरून जाई आणि ठिणगी कितीही मोठी केली, तरी एका मर्यादेपलीकडे अंतर वाढत नसे. ब्राऊन यांनी ठिणगी अँटेनातून बाहेर काढली. कंडेन्सर आणि तारेचे वेटोळे यांचे वेगळे बंद मंडल त्यांनी केले, ठिणगी त्यात ठेवली आणि तिथली ऊर्जा दुसऱ्या वेटोळ्यामार्फत अँटेनाकडे पोहोचवली. लहर अधिक काळ टिकू लागली आणि ठरावीक कंपनसंख्येला जुळवून घेणे शक्य झाले. १९०० मध्ये कुक्सहाफेन आणि हेल्गोलँड बेट यांच्यातल्या ६२ किलोमीटर समुद्रावरून या पद्धतीने संदेश गेले. नोबेल मिळाले ते बिनतारी संदेशवहनातल्या याच कामगिरीसाठी.

पहिले महायुद्ध सुरू होण्याच्या थोडे आधी ब्राऊन यांनी संदेश ग्रहण करण्यासाठी उंच तारेऐवजी तारेची मोठी बंद चौकट वापरून पाहिली. तिच्या साहाय्याने पॅरिसच्या आयफेल टॉवरवरून येणारे संदेश स्ट्रासबुर्गमध्ये ऐकू आले. दोन शहरांतले अंतर सुमारे ४०० किलोमीटर.

चौकट हे काम कसे करते? रेडिओलहरीत विद्युतक्षेत्र असते, तसेच चुंबकीय क्षेत्रही असते. लांब तार मुख्यतः विद्युतक्षेत्र टिपते, तर वेटोळे त्यातून जाणारे बदलते चुंबकीय क्षेत्र टिपते. चौकटीची कड केंद्राच्या दिशेने असेल, तर संदेश सर्वांत जोरदार मिळतो. तिचा चेहरा केंद्राकडे वळवला, की तो जवळपास नाहीसा होतो. गंमत अशी, की जोरदार दिशा पसरट असते, पण नाहीशी होण्याची दिशा अगदी नेमकी. म्हणून चौकट फिरवून त्रासदायक गोंगाट त्या नेमक्या दिशेत टाकता येतो आणि हवे ते केंद्र तरीही ऐकू येते. जहाजांना किनाऱ्याची दिशा सांगणारी यंत्रेही याच तत्त्वावर चालली.

घरी करून पाहायचे असेल, तर साधारण ६० सेंटीमीटर बाजूच्या चौकटीवर तारेचे बारा-एक फेरे घ्यावेत आणि टोकांना जुन्या रेडिओतला ५०० पिकोफॅरडचा गँग कंडेन्सर जोडावा. कंडेन्सर फिरवून चौकट हव्या त्या केंद्राला जुळते. ब्राऊन यांच्या बंद मंडलातही हीच जोडी होती. ट्रान्झिस्टर चौकटीजवळ ठेवला, की पुरे; तार जोडावी लागत नाही, कारण त्याच्या पोटातला फेराइटचा दांडा हा स्वतःच एक छोटा लूप अँटेना असतो. आकाशवाणी मुंबईचे मीडियम वेव्हचे प्रक्षेपक मालाडच्या मालवणी भागात, म्हणजे ठाणे-डोंबिवलीच्या जवळपास थेट पश्चिमेला. त्यामुळे अस्मिता वाहिनीच्या ५५८ किलोहर्ट्झसाठी चौकटीची कड पूर्व-पश्चिम हवी. तीच कड दक्षिणोत्तर केली, की मुंबईचा आवाज दबतो आणि आग्नेयेच्या पुण्याचे केंद्र शोधायला वाव मिळतो. चौकट खिडकीजवळ आणि चार्जरपासून दूर ठेवली, तर फरक लगेच कळतो.

ब्राऊन यांच्या आयुष्याची अखेर मात्र दुःखद झाली. डिसेंबर १९१४ मध्ये, युद्ध सुरू असताना, न्यूयॉर्कजवळच्या सेव्हिल इथल्या जर्मन बिनतारी केंद्राविरुद्धच्या पेटंटच्या खटल्यात साक्ष देण्यासाठी ते अमेरिकेला गेले. वय चौसष्ट, प्रकृती तोळामासा. युद्धामुळे परतीची वाट अवघड झाली आणि १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावर ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. ब्रुकलिनमध्ये मुलाच्या घरी त्यांनी उरलेले दिवस काढले. २० एप्रिल १९१८ रोजी, युद्ध संपायला काही महिने उरले असताना, तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे स्ट्रासबुर्गही त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रान्सकडे गेले. पुढे त्यांच्या अस्थी फुल्डाला नेण्यात आल्या.

आकाशवाणीच्या मुंबई केंद्राचा जन्म १९२७ चा. करमणुकीचा रेडिओ घरोघरी पोहोचलेला ब्राऊन यांनी पाहिलाच नाही. पण स्फटिकाचा शोध, जुळवलेले मंडल आणि तारेची चौकट या तिन्ही गोष्टी शाळकरी मुलाला सुट्टीत घरच्या टेबलावर आजही करून पाहता येतात. रद्दीवाल्याकडे एखादा जुना रेडिओ दिसला, तर त्यातला गँग कंडेन्सर तेवढा काढून ठेवावा.