कामावरून काढण्याचा नियम लिहून दाखवा : मजूरमंत्री बाबासाहेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की महाडचे तळे, संविधान आणि दीक्षाभूमी आठवते. मजूरमंत्री बाबासाहेब मात्र १ मेच्या एखाद्या पोस्टपुरते उरले आहेत. एका ई-मेलने माणसे घरी बसवली जातात आणि कुणाला काढायचे याची यादी संगणक तयार करू लागला आहे. अशा काळात त्यांच्या आयुष्याचा हा भाग तरुणांनी नीट समजून घ्यायला हवा.

कामाच्या जागेवरचा अन्याय बाबासाहेबांनी स्वतः भोगला होता. १९१७ साली परदेशात शिकून आल्यावर ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद फेकत. पारशी धर्मशाळेतून त्यांना हाकलण्यात आले, शहरात कुठे जागा मिळेना. त्यांना कुणी कागदोपत्री काढले नाही, पण टिकूही दिले नाही. काही दिवसांतच ते मुंबईला परतले.

पुढे ते परळच्या बीआयटी चाळीत, गिरणी कामगारांच्या वस्तीत राहिले. गिरणीच्या विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, पण अस्पृश्य कामगाराला तिथे मज्जाव होता. कारण काय, तर धागा तोंडाला लावावा लागतो! भेदभावाला कामाच्या पद्धतीचे नाव दिले होते. १९२८ च्या गिरणी संपात हा मज्जाव उठवण्याची मागणी कामगारांच्या मागण्यांत घ्यावी, असा आग्रह त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांकडे धरला.

त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले. बाबासाहेब आणि माता रमाई यांनी तोवर चार लेकरे गमावली होती. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. स्त्रियांच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकानेही त्याचा भार उचलावा, ही त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत मोठा संप झाला, त्यात ते पुढे होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. धनबादच्या कोळसा खाणीत ते स्वतः खाली उतरले. युद्धकाळात स्त्रियांना भूगर्भात काम करण्यावरची बंदी सरकारने उठवली. त्याची टीका त्यांना सोसावी लागली. १९४६ साली ती बंदी पुन्हा लागू झाली. आठवड्याला ४८ तासांचे काम, भरपगारी सुट्टी हे कायदे याच काळातले. आजारपणात आधार देणाऱ्या कामगार विमा योजनेची आखणीही तेव्हाच सुरू झाली. तिचा कायदा १९४८ साली झाला.

पण आज सर्वाधिक आठवावा असा कायदा एप्रिल १९४६ चा आहे. १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याने हजेरी, रजा, शिस्त, कामावरून काढण्याची रीत आणि दाद मागण्याची सोय लेखी ठरवावी, ते नियम कामगारांपुढे ठेवून हरकती ऐकाव्यात, सरकारी अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावेत आणि कामगारांना कळेल अशा भाषेत फलकावर लावावेत, असे तो सांगत होता. नोकरीवर घाव घालणारा नियम मालकाच्या मनात किंवा मुकादमाच्या मर्जीत राहता कामा नये, हे त्याचे सार.

आज तो मुकादम यंत्रात जाऊन बसू शकतो. यंत्राला फक्त हजेरी आणि उत्पादनाचे आकडे दिले, तर बाळंतपणाची रजा, ऑपरेशननंतरची विश्रांती आणि कामचुकारपणा हे सारे त्याला सारखेच दिसणार. जात विचारली नाही म्हणून निकाल न्याय्य ठरत नाही. विणकाम खात्यातल्या मज्जावालाही कामाच्या पद्धतीचेच कारण दिले जाई. शिवाय २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने लेखी नियमांसाठीची १०० ची मर्यादा ३०० कामगारांवर नेली. खासगी नोकरीतल्या बापाला तर बाळासाठी रजेचा कायदेशीर हक्क अजूनही नाही.

म्हणून जयंतीच्या मिरवणुकीइतकेच हेही करू या. नेमणूकपत्र आणि रजेचे अर्ज जपून ठेवा. काढले तर कोणत्या नियमाने, कुणाच्या सहीने, हे लेखी मागा. एकट्याने नको, युनियनमधून मागा. बाबासाहेबांनी नियम फलकावर लावायला लावले, ते आपण वाचावेत आणि जाब विचारावा म्हणूनच.

जय भीम!