घटक ५ : राम राघोबा राणे – श्रम, शिस्त आणि कनिष्ठ नेतृत्व

५.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला
• परमवीर चक्राचे मानकरी राम राघोबा राणे यांचा जीवनपट थोडक्यात सांगता येईल.
• सैन्यातील शारीरिक श्रम शिक्षण केव्हा असतात आणि दंड केव्हा होतात, हे स्पष्ट करता येईल.
• ‘शिक्षा’, ‘शिस्त’, ‘कवायत’ या शब्दांच्या अर्थांचा चरित्राशी असलेला संबंध दाखवता येईल.
• चरित्रातून निष्कर्ष काढताना कोणती सावधगिरी बाळगावी, हे सांगता येईल.

५.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, या घटकात आपण एका सैनिकाचे चरित्र अभ्यासणार आहोत. सैनिकाचे चरित्र म्हटले की पराक्रमाचा एखादा क्षण डोळ्यांसमोर येतो. त्या क्षणाआधीची वर्षे मात्र बहुधा दुर्लक्षित राहतात. या घटकात आपले लक्ष त्या वर्षांकडेही असेल.

नागपूरच्या नंदनवन भागात काय किंवा आपल्या गावात काय, पहाटे मैदानावर सैन्यभरतीची आणि पोलीसभरतीची तयारी करणारी मुलेमुली धावताना आपण पाहिली असतील. उशिरा येणाऱ्याला जास्तीच्या फेऱ्या माराव्या लागतात. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत उठाबशा काढल्या असतील. कोणी राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरात रायफल डोक्यावर धरून धावलेही असेल. चूक झाली की शरीराला कष्ट द्यायचे, ही रीत आपल्या इतकी परिचयाची आहे की तिच्याविषयी आपण सहसा प्रश्न विचारत नाही.

सैन्यात हा प्रश्न अधिक अवघड होतो, कारण तेथे शिस्त लावून घेणाराच उद्या शिस्त लावणारा होतो. सुमारे दहा जवानांच्या सेक्शनचे नेतृत्व करणारा नाईक किंवा हवालदार हा कनिष्ठ नेता. वरून आलेली आज्ञा त्याने पाळायची आणि तीच आज्ञा खालच्यांकडून पाळून घ्यायची. अशा माणसाला श्रमांच्या शिक्षेने घडवता येते का? की त्या शिक्षेने त्याचा अधिकारच खचतो? राणे हे साध्या जवानापासून नाईक, हवालदार, जमादार अशा पायऱ्या चढत अधिकारी झाले. म्हणून या प्रश्नाचा विचार त्यांच्या चरित्राच्या आधारे करता येतो.

५.२ चार शब्दांची पार्श्वभूमी

चरित्राकडे वळण्यापूर्वी भाषेचा पुरावा पाहू. ‘शिक्षा’ हा शब्द संस्कृतातील ‘शिक्ष्’ म्हणजे शिकणे या धातूपासून आला. हिंदीत त्याचा अर्थ शिक्षण असाच राहिला. मराठीत मात्र तो दंड या अर्थी रूढ झाला. ‘तालीम’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ शिकवणे. मराठीत तालीम म्हणजे व्यायामाची जागा किंवा सराव. ‘कवायत’ आणि ‘कायदा’ हे दोन्ही शब्द एकाच अरबी मुळातून आले आहेत. कायदा म्हणजे नियम आणि कवायत हे मुळात त्याचेच अनेकवचन. ‘शिस्त’ हा फारसीतून आलेला शब्द. त्याचा जुना अर्थ नेम असा आहे; शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे.

म्हणजे ज्या शब्दांनी आपण दंड, व्यायाम आणि आज्ञापालन यांविषयी बोलतो, त्यांच्या मुळाशी शिकणे, शिकवणे, नियम आणि लक्ष्य हे अर्थ आहेत. शब्दाचा मूळ अर्थ हा त्याचा आजचा अर्थ नव्हे, हे भाषेचे अभ्यासक म्हणून आपण जाणतोच. तरीही शिकवणे आणि दंड देणे यांतील सीमारेषा किती पुसट आहे, हे या शब्दांवरून लक्षात येते.

५.३ कारवार ते खडकी

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी झाला. कारवारजवळचे चेंडिया हे त्यांचे गाव. हा भाग त्या वेळी मुंबई इलाख्यात होता. वडील पोलीस खात्यात शिपाई होते आणि त्यांच्या बदल्या होत असल्याने मुलाचे शिक्षण वेगवेगळ्या ठिकाणी झाले. १९३०च्या सुमारास देशात उसळलेल्या चळवळीचे आकर्षण या मुलालाही वाटले होते. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि १० जुलै १९४० रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलात भरती झाले. या दलाचे केंद्र पुण्याजवळ खडकी येथे आहे.

सॅपर म्हणजे लढाईत वाट करून देणारा आणि वाट मोडणारा सैनिक. पूल बांधणे, पूल उडवणे, सुरुंग पेरणे, सुरुंग काढणे ही त्याची कामे. त्याला कुदळ, फावडे आणि स्फोटके वाहावी लागतात आणि शत्रूचा गोळीबार सुरू असतानाही हात स्थिर ठेवावे लागतात. त्यामुळे कवायत, दौड आणि ओझे वाहणे हा त्याच्या प्रशिक्षणाचा पाया असतो.

या प्रशिक्षणात राणे आपल्या तुकडीतील सर्वोत्तम रिक्रूट ठरले. त्यांना कमांडंटची छडी सन्मान म्हणून मिळाली. ज्या वस्तूकडे शाळकरी मुलगा दंडाचे साधन म्हणून पाहतो, तीच सैन्यात अधिकाराची आणि गौरवाची खूण ठरते, हे येथे लक्षात घ्या. लवकरच ते नाईक झाले.

५.४ श्रम : शिक्षण आणि दंड

प्रशिक्षण केंद्रातील श्रम दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार नियमित व्यायामाचा. दुसरा प्रकार चुकीनंतर येणाऱ्या श्रमांचा : पाठीवर पिठ्ठू बांधून दौड, रायफल डोक्यावर धरून मैदानाच्या फेऱ्या, जमिनीवर कोलांट्या, जास्तीची कवायत. जवानांच्या बोलीत याला ‘रगडा’ म्हणतात. या रीतीच्या बाजूने मांडले जाणारे युक्तिवाद दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. शिक्षा तत्काळ होते, कागदावर डाग राहत नाही, पगार कापला जात नाही आणि शरीर बळकटही होते. शिवाय दमलेल्या अवस्थेत आज्ञा ऐकण्याची सवय रणांगणावर उपयोगी पडते.

सैनिकी कायद्याचा प्रवास मात्र शरीराला दिल्या जाणाऱ्या दंडाला मर्यादा घालण्याच्या दिशेने झाला. भारतीय सैन्यातील फटक्यांची शिक्षा १९२०मध्ये रद्द झाली. १९५०च्या सेना अधिनियमाच्या कलम ८०मध्ये कमांडिंग अधिकाऱ्याला खटल्याशिवाय देता येणाऱ्या शिक्षा सांगितल्या आहेत. कैद, स्थानबद्धता आणि लाइनबंदी या प्रत्येकीची कमाल मुदत २८ दिवस आहे. पण या तीन शिक्षा नाईक-हवालदारांना देता येत नाहीत. उलट, ताकीद ही शिक्षा त्यांच्यासाठीच आहे. त्यांचे हंगामी पदही काढून घेता येते.

या भेदामागील विचार समजून घ्या. ज्याच्या बाहीवर फीत आहे, त्याची आज्ञा दहा माणसे ऐकतात. त्याच दहा जणांसमोर त्याला मैदानावर लोळवले, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या आज्ञेचे वजन कमी होते. म्हणून कायदा त्याला शब्दांनी ताकीद देतो किंवा त्याचे पद घेतो. पद ठेवून त्या पदाची अप्रतिष्ठा करण्याचे टाळतो.

यावरून श्रमांच्या शिक्षेसाठी तीन कसोट्या मांडता येतात. पहिली, चुकीचा आणि श्रमांचा संबंध आहे का? दौडीत मागे राहणाऱ्याला अधिक दौड देणे हे शिक्षण आहे. हिशेबात चुकणाऱ्याला दौड देणे हा केवळ दंड आहे. दुसरी, श्रम करायला लावणारा स्वतः ते श्रम करतो का? तिसरी, ते श्रम कोणासमोर करायला लावले जातात? राणे यांच्या पुढील आयुष्याकडे पाहताना यांपैकी दुसरी कसोटी विशेष ध्यानात ठेवा.

५.५ बुथिडाँगची परीक्षा

राणे यांची नेमणूक २६व्या इन्फंट्री डिव्हिजनमधील २८ फील्ड कंपनीत झाली. ही डिव्हिजन ब्रह्मदेशात जपानी सैन्याशी लढत होती. आराकानच्या आघाडीवरून तिला माघार घ्यावी लागली, तेव्हा राणे यांना दोन सेक्शनसह मागे ठेवण्यात आले. बुथिडाँग येथील महत्त्वाची साधने शत्रूच्या हाती पडण्यापूर्वी नष्ट करायची आणि नंतर नौदलाच्या जहाजातून निघून यायचे, असे ठरले होते.

काम पार पडले, पण ठरल्याप्रमाणे सुटका झाली नाही. आता आज्ञा देणारे कोणी जवळ नव्हते. आसपास जपानी गस्ती पथके फिरत होती. राणे आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतःच नदी ओलांडली, गस्तींची नजर चुकवली आणि बावली बाजार येथे ते डिव्हिजनला येऊन मिळाले. यानंतर राणे हवालदार झाले.

दंडाच्या भीतीतून आलेली शिस्त दंड देणारा समोर असेपर्यंत टिकते. बुथिडाँगमध्ये तो समोर नव्हता. तेथे उपयोगी पडले ते अंगी मुरलेले शिक्षण आणि सोबत्यांचा विश्वास. पुढे राणे जमादार झाले आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी त्यांना सेकंड लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळाले.

५.६ नौशेरा ते राजौरी : चार दिवस

१९४८च्या एप्रिलमध्ये जम्मू-काश्मीरमधील राजौरी शत्रूच्या ताब्यातून सोडवण्यासाठी भारतीय सैन्य नौशेराहून निघाले. रस्त्यावर सुरुंग पेरलेले होते, पाइन वृक्ष पाडून वाट अडवली होती, मोऱ्या उडवल्या होत्या. वाट मोकळी झाल्याशिवाय रणगाड्यांना पुढे जाता येत नव्हते. ३७ असॉल्ट फील्ड कंपनीतील राणे यांच्याकडे सुरुंग आणि अडथळे काढणारी तुकडी देण्यात आली.

८ एप्रिल. सकाळी ११ वाजता काम सुरू होण्याच्या बेतात असतानाच तोफगोळ्यांचा मारा झाला. तुकडीतील दोघे ठार झाले आणि राणे यांच्यासह पाच जण जखमी झाले. राणे यांनी तुकडीची पुन्हा जुळवाजुळव केली. बरवाली टेकडी सर झाल्यावर रणगाड्यांसाठी वळणवाट तयार करण्याचे काम रात्री १० पर्यंत चालले.

९ एप्रिल. सकाळी ६ ते दुपारी ३ या वेळात वळणवाट पूर्ण झाली. नंतर राणे सर्वांत पुढच्या वाहनात बसले. झाडांचा अडथळा आला की खाली उतरायचे, सुरुंग लावून झाडे उडवायची आणि पुढे जायचे, असे संध्याकाळपर्यंत चालले. अंधार पडताना पाच मोठ्या वृक्षांचा आणि सुरुंगांचा अडथळा समोर आला, तेव्हा दलप्रमुखाने ताफा थांबवला.

१० एप्रिल. पहाटे ४.४५ ला मशीनगनच्या माऱ्यात काम सुरू झाले आणि ६.३० पर्यंत तो अडथळा दूर झाला. पुढच्या हजार यार्डांतील अडथळे १०.३० पर्यंत निघाले. रणगाडे तावी नदीच्या पात्रातून दुपारी २ वाजता चिंगसला पोहोचले. मागून येणाऱ्या सामानाच्या ताफ्यासाठी रस्ता हवा होता, म्हणून राणे अन्न आणि विश्रांतीवाचून रात्री ९ पर्यंत काम करीत राहिले. म्हणजे त्या दिवशी सोळा तासांहून अधिक.

११ एप्रिल. सकाळी ६ ला पुन्हा आरंभ. ११ वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला आणि पुढील काम रात्री १० पर्यंत चालले. १२ एप्रिलला भारतीय सैन्य राजौरीत पोहोचले.

या चार दिवसांतील वेळांकडे पुन्हा एकदा पाहा. जखमी माणसाला इतके तास उभे ठेवणारे शरीर खडकीच्या मैदानावरील व्यायामाने तयार झाले होते, हे नाकारता येणार नाही. पण तुकडी त्यांच्यामागे उभी राहिली याचे कारण वेगळे आहे. दोन सोबती डोळ्यांदेखत गेल्यानंतरही माणसे कामाला लागली, कारण सर्वांत धोक्याचे काम त्यांचा नायक स्वतः करीत होता. मराठीतील ‘नाईक’ हा शब्द ‘नायक’पासून, म्हणजे पुढे नेणारा या अर्थाच्या शब्दापासून आला आहे, हेही येथे आठवावे.

५.७ नंतरचे आयुष्य

या कामगिरीसाठी राणे यांना परमवीर चक्र मिळाले. १९६८मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कारवारच्या समुद्रकिनारी त्यांचा पुतळा आहे. २०२३मध्ये अंदमान-निकोबारमधील २१ बेटांना परमवीर चक्राच्या मानकऱ्यांची नावे देण्यात आली. त्यांत राणे यांचेही नाव आहे.

५.८ चरित्रावरून निष्कर्ष काढताना

एका शूर माणसाच्या उदाहरणाने त्याला घडवणारी सगळी पद्धत योग्य ठरत नाही. खडकीच्या मैदानावर राणे यांच्याबरोबर असंख्य तरुण धावले. त्या सर्वांना तीच कवायत होती. तसेच, कठोर श्रमांचा अतिरेक झाला म्हणजे शरीर मोडते आणि मनात कटुता साठते, हेही विसरता येत नाही. म्हणून या चरित्रातून आपण मर्यादित निष्कर्ष काढावा : श्रमांनी क्षमता येते, पण अधिकार येतो तो श्रमांत सहभागी होण्याने. ज्याने कनिष्ठाला फेऱ्या मारायला लावल्या आणि स्वतः सावलीत उभा राहिला, त्याने शिक्षा या शब्दाचा एकच अर्थ वापरला.

५.९ शब्दार्थ

सॅपर : अभियंता दलातील सैनिक. पिठ्ठू : पाठीवर बांधायचे सैनिकी सामान. फीत : हुद्दा दाखवणारी बाहीवरील पट्टी. लाइनबंदी : छावणीतील निवासाबाहेर जाण्यास मनाई. मोरी : रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी बांधलेला छोटा पूल.

५.१० स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. नाईक-हवालदारांना लाइनबंदीची शिक्षा देता येत नाही, यामागील विचार आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
२. बुथिडाँगचा प्रसंग आणि नौशेरा-राजौरीचा प्रसंग यांत नेतृत्वाचे कोणते वेगळे गुण दिसतात?
३. श्रमांच्या शिक्षेसाठी सांगितलेल्या तीन कसोट्या आपल्या कामाच्या ठिकाणी लावून पाहा. तेथे चुकणाऱ्याला दिली जाणारी शिक्षा कोणत्या कसोटीवर उतरते?
४. उपक्रम : आपल्या परिसरातील निवृत्त सैनिकाची किंवा भरतीची तयारी करून घेणाऱ्या प्रशिक्षकाची भेट घ्या. शिस्त, कवायत आणि व्यायाम यांविषयी ते वापरतात त्या वीस शब्दांची यादी करा आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यांच्याकडून समजून घेऊन लिहा.