अल्बर्ट हॉवर्ड

सर अल्बर्ट हॉवर्ड (८ डिसेंबर १८७३ – २० ऑक्टोबर १९४७) हे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ होते. रासायनिक खते व विषारी फवारण्यांना पर्याय म्हणून त्यांनी पुरस्कारिलेली कंपोस्ट खताची रीत ‘इंदूर पद्धत’ या नावाने ओळखली जाते.

जीवन

इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातील शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. केंब्रिज येथील शिक्षणानंतर त्यांनी वेस्ट इंडिजमध्ये कवकशास्त्रज्ञ म्हणून काम केले. १९०५ मध्ये ते बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत रुजू झाले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. गव्हाचे ‘पुसा’ वाण हे दोघांच्या एकत्रित संशोधनाचे फळ होय. परिसरातील शेतकऱ्यांची पिके कोणत्याही औषधाविना बरीचशी निरोगी असल्याचे पाहून हॉवर्ड यांनी त्यांनाच गुरू मानले. कीड म्हणजे शत्रू नव्हे, तर मशागतीतील चूक दाखविणारी खूण, असे त्यांचे मत बनले.

इंदूर पद्धत

१९२४ मध्ये होळकर संस्थानाने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर त्यांनी वनस्पती उद्योग संस्था उभारली. कपाशी व तुरीच्या पळाट्या लवकर कुजत नसत. म्हणून त्या शिवारातील रस्त्यांवर पसरून गाड्यांच्या चाकांखाली भरडल्या जात. हा भरडा, पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती व राख यांचे थर सुमारे २ फूट खोल खड्ड्यांत रचून तीनदा चाळवले, की सुमारे ३ महिन्यांत खत तयार होई. रसायनशास्त्राची बाजू यशवंत वाड यांनी सांभाळली. १९३१ मधील या विषयावरील ग्रंथावर दोघांचीही नावे आहेत, मात्र वाड यांचा उल्लेख क्वचितच होतो. १९३५ मध्ये महात्मा गांधींनी संस्थेला भेट दिली.

टीका व प्रभाव

सकस मातीतल्या चाऱ्यावर वाढलेल्या आपल्या बैलांना लाळ्या-खुरकूत झाला नाही, असा हॉवर्ड यांचा दावा होता. मात्र त्याला नियंत्रित प्रयोगांचा आधार नव्हता, आणि रॉथॅमस्टेडच्या संख्याशास्त्रीय चाचण्यांवर ते स्वतःच कठोर टीका करीत. त्यांचा १९४० मधील ग्रंथ सेंद्रिय शेतीच्या चळवळीचा पाया मानला जातो. भारतात कीटकनाशकांच्या नियमनाचा कायदा १९६८ मध्ये, त्यांच्या निधनानंतर २१ वर्षांनी झाला. महाराष्ट्रात पुढे पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्यात, कमी शेणात खत करण्याची ‘नाडेप’ पद्धत रूढ केली.