दारूने उजाडलेल्या घरचा मुलगा : श्री. गाडगे महाराज

बाजारच्या दिवशी मजुरी हाती पडते, सोबती आग्रह करितात, आणि पहाटे शुद्धीवर येऊन पाहावे तो मनुष्य पोलीस चौकीत बसलेला असतो. सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन दंगा करणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या ८५ व्या कलमाप्रमाणे गुन्हा ठरला, व महाराष्ट्रात तो आजही गुन्हाच आहे. खटला लहान खरा. परंतु कचेरीचे हेलपाटे, वकिलाची फी, दंड व बुडालेली मजुरी यांचे ओझे बायकोमुलांस लहान नसते. हे दुःख बाळपणीच भोगून ज्यांनी ते इतरांस टळावे म्हणून आयुष्य वेचले, त्या गाडगे महाराजांचे चरित्र ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुळात झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी. वडील झिंगराजी यांस दारूचे व्यसन जडले होते. देवाच्या नावाने बोकड कापावा व त्याबरोबर दारू चालावी, अशी तेव्हा रूढी असे. त्यामुळे व्यसनास धर्माचे पांघरूण मिळाले. घरदार गेले, शरीर खंगले, आणि डेबूजी लहान असतानाच वडील वारले. आई सखूबाई मुलास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी माहेरी गेली. तेथे डेबूजीने गुरे राखिली व शेतात कष्ट केले. शाळा मात्र त्यास लाभली नाही. पुढे सावकाराच्या कर्जापायी मामाची जमीनही गेली, तेव्हा अक्षरशून्य मनुष्य कसा नाडला जातो हे त्याने पाहिले.

विवाहानंतर मुलीच्या बारशास जातभाईंनी दारू व मांस यांची अपेक्षा धरिली. डेबूजीने ती मोडून गोड जेवण घातले. नातलग रागावले, तरी तो डगमगला नाही. हे लहानसे कृत्य दिसते. परंतु आपल्याच भावकीसमोर नाही म्हणण्यास किती धैर्य लागते, हे खेड्यात राहणारा प्रत्येक जण जाणतो.

१९०५ साली त्यांनी घर सोडिले. अंगावर चिंध्या, एका हाती झाडू, दुसऱ्या हाती मडक्याचे खापर, असे ते गावोगाव फिरू लागले. दिवसा गाव झाडावे व रात्री कीर्तन करावे, हा त्यांचा क्रम होता. कीर्तनात ते श्रोत्यांस साधे प्रश्न विचारीत : कर्ज किती, दारूपायी काय गेले, मुले शाळेत जातात की नाही? उत्तर देता देता श्रोता स्वतःच आपला न्याय करी.

पंढरपूरच्या यात्रेत चंद्रभागेच्या वाळवंटात ते झाडू घेऊन उभे राहत. यात्रेकरूंसाठी त्यांनी तेथे धर्मशाळा बांधविल्या. अस्पृश्य मानिलेल्या लोकांस कोठे आसरा मिळत नसे, म्हणून उभारलेली चोखामेळा धर्मशाळा पुढे त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस शिक्षणकार्यासाठी दिली. लाखो रुपयांची कामे झाली, पण स्वतःसाठी त्यांनी झोपडीही बांधिली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे प्रवासातच त्यांचा अंत झाला.

या चरित्रापासून दोन गोष्टी घ्याव्या. पहिली ही की, बापाचे व्यसन मुलाच्या कपाळी लिहिलेले नसते. दुसरी ही की, महाराजांनी दारूची गय केली नाही, पण दारुड्यास टाकिले नाही. ते त्याच्याच गावी जाऊन बसले. आपल्या मंडळीतील कोणी असा खटल्यात सापडला, तर त्यास हसू नये. तारखेच्या दिवशी त्याच्याबरोबर कचेरीत जावे, घरी चूल पेटली आहे की नाही हे पाहावे, दंडासाठी तो सावकाराकडे न जाईल अशी तजवीज करावी. आणि पुढल्या बाजारच्या दिवशी, मजुरी हाती पडताच, सोबत्यांच्या आधी आपण त्यास गाठून घरापर्यंत पोहोचवावे.