खराटा आधी स्वतःच्या हातात : गाडगेबाबांच्या मागे माणसं फुकट का राबायची?

गावात श्रमदान ठरतं. पहिल्या दिवशी शंभर जण येतात, आठव्या दिवशी दहा उरतात. असं का होतं, हा प्रश्न आजही गावोगावी पडतो. त्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी एका माणसानं बोलून नाही, करून दाखवलं. ते म्हणजे संत गाडगेबाबा.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर भागातल्या दापुरी गावी आली. डेबूजी मामाकडे गुरं राखत, नांगर धरत मोठा झाला. शेतीकामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण सावकाराच्या व्यवहारात मामाची जमीन गेली, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या तरुणाला अडाणीपणाची किंमत तेव्हाच कळली.

1905 : घर सोडलं

1 फेब्रुवारी 1905 रोजी डेबूजीनं घर सोडलं. मागे आई, बायको कुंताबाई आणि लेकरं. अंगावर चिंध्यांचा झगा, डोक्यावर फुटकं गाडगं, हातात खराटा. तेच गाडगं पाणी प्यायला, त्यातच भाकरी. त्यावरूनच लोक गाडगेबाबा म्हणू लागले.

बाबा गावात शिरले की कुणाला काही न सांगता झाडायला लागायचे. आधी रस्ता, मग नाली, मग देवळासमोरचा उकिरडा. लोक आधी वेडा समजून हसायचे. मग एखाद्याला लाज वाटायची, तो घरून फावडं आणायचा. दुसरा टोपलं आणायचा. दुपारपर्यंत अर्धं गाव कामाला लागलेलं असायचं. बाबांनी कुणाला हुकूम सोडला नाही. स्वतः वाकलेला माणूस समोर दिसत होता, तेवढं पुरेसं होतं.

भाकरीसुद्धा बाबा फुकट घेत नसत. कुणाचं अंगण झाडून दे, कुणाची लाकडं फोडून दे, मग भाकर. संध्याकाळी कीर्तन. त्यात ते लोकांनाच प्रश्न विचारायचे, लोकांच्या तोंडूनच उत्तर काढायचे. कर्ज काढून सण करू नका, दारू सोडा, देवाला कोंबडं-बकरं कापू नका, शिवाशिव पाळू नका, पोरांना शाळेत घाला, हाच त्यांचा उपदेश. सकाळी हातात खराटा धरलेल्या माणसाला रात्री त्या खराट्याचा अर्थ कळायचा. आपण नुसता कचरा काढला नाही, गावाचं काहीतरी भलं केलं, असं त्याला वाटायचं. म्हणून तो दुसऱ्या दिवशीही यायचा.

ऋणमोचनचा घाट

पूर्णा नदीकाठी ऋणमोचनला पौष महिन्यात रविवारची यात्रा भरते. तिथं काठावर चिखल असायचा, म्हातारी माणसं घसरून पडायची. बाबा तिथं राबू लागले, लोक जोडले गेले आणि 1908 च्या सुमारास घाट उभा राहिला. याच ऋणमोचनला घरच्यांनी त्यांना गाठलं, परत चला म्हणून विनवलं. बाबा गेले नाहीत.

पुढं पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. पंढरपुरात 1917 साली चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. देवळात ज्यांना जागा नव्हती, त्यांना निवारा मिळाला. हजारो लोकांनी पैसा दिला, घाम गाळला. पण बाबांनी त्यातली एक खोलीही स्वतःसाठी ठेवली नाही. पैसा स्वतःच्या हाती न ठेवता कारभार विश्वस्तांकडे दिला. 1949 साली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. दिलेला रुपया आणि दिलेला दिवस कुणाच्या घरात गेला नाही, हा लोकांचा भरवसा कधी तुटला नाही.

काम झालं की बाबा पुढच्या गावाला निघून जायचे. सत्कार नाही, हार नाही. त्यामुळे कामाचं श्रेय गावाकडंच राहायचं.

किंमत मात्र घरानं मोजली

ही बाजूही विसरून चालत नाही. संस्था मोठ्या होत गेल्या, पण कुंताबाईंचे दिवस झोपडीतच गेले. 5 मे 1923 रोजी मुलगा गोविंदा वारला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला होते. बातमी आली तेव्हा कीर्तन चालू होतं. त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. कुणी याला वैराग्य म्हणेल, कुणी कठोरपणा. पण समोर बसलेल्या माणसांना एवढं नक्की कळलं, की हा आपल्याकडून जे मागतो, त्याच्या कितीतरी पट स्वतः देऊन बसलाय.

8 फेब्रुवारी 1952 रोजी गाडगेबाबा मिशन स्थापन झालं. आपल्यानंतरही काम चालावं, एका माणसावर अडू नये, हा त्यामागचा हेतू. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, गाडीतच बाबांनी प्राण सोडला. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा अवघे 14 दिवस झाले होते.

आज त्यांच्या नावानं विद्यापीठ आहे, ग्रामस्वच्छता अभियान आहे. फलकावर त्यांचा फोटो असतो. पण गावातलं श्रमदान आठव्या दिवशी टिकवायचं असेल, तर फोटोपेक्षा तीन गोष्टी कामी येतील. पुढाऱ्यानं आधी स्वतः वाकावं, पैशाचा हिशोब उघडा ठेवावा आणि काम झाल्यावर श्रेय गावाच्या पदरात टाकावं. बाबांनी 50 वर्षं हेच केलं.